पेलाभर पाणी आणि सोळा एपिसोड

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. सरूमावशीला कळलं तर ती घरी येऊन आईसमोर माझी अशी काही काढेल की विचारू नका. पण पोटात राहत नाहीये. एवढी हसवून मग एवढी रडवणारी गोष्ट एकटीने ठेवून घ्यायची म्हणजे पाप आहे. तर घ्या.

सरूमावशी. वय बावन्न, राहायला अंबरनाथला, कामाला उल्हासनगरला. पण तिची खरी ओळख अशी, की गेल्या चार वर्षांत तिने कोरियाच्या एकोणचाळीस सिरियली बघितल्यात आणि त्यातली एकही तिला पसंत पडलेली नाही.

बघायची तिची पद्धत ठरलेली. संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुतले, की जमिनीवर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, हिंदी डबिंग लावायचं, स्पीड दीडपट करायचा आणि भाजी निवडायला बसायचं. सीन किती लांबला हे ती मिनिटांत मोजत नाही, मेथीत मोजते.

"हीरो हिरोइनीकडे बघायला लागला तेव्हा मी जुडीचा दोरा सोडला," ती सांगते, "आणि त्याचं बघून झालं तेव्हा माझी देठं कचऱ्यात गेली होती. दीडच्या स्पीडला, बरं का! साध्या स्पीडला लावलं असतं तर चार दिवस घरात मेथीच खाल्ली असती."

तेच बघणं मग तीन बाजूंनी परत दाखवतात, याचा तिला विशेष राग. "एकदा दिसलं ना आम्हाला? आंधळे आहोत का आम्ही?"

हीरोवर तर तिचा जन्माचा दात. एवढी मोठी कंपनी, चाळीस माळ्यांची बिल्डिंग, आणि हा माणूस एक दिवस धड कामाला बसत नाही. हिरोइनीला मनगटाला धरून ओढतो, तोंडाने 'चल' म्हणता येत नाही, गाय आहे का ती? हिरोइनीला ताप आला की ह्याला प्रेम होतं. ह्याने तिच्या गळ्यात मफलर गुंडाळला की समजायचं, लग्न झाल्यात जमा. आणि रस्त्यावर एकदम पांढरा उजेड पडला की मावशी मेथी बाजूला ठेवून म्हणणार, "आला! आला ट्रक! आता हा सगळं विसरणार."

आणि दोघं लहानपणी भेटलेले असतात, ते त्यांना कळतं नवव्या एपिसोडला. "नवव्या! आमच्याकडे बघायच्या कार्यक्रमाला पोहे यायच्या आधी कळतं, कोण कुणाच्या मावसजावेचा भाचा ते."

पण सगळ्यात मोठी तक्रार एकच, आणि ती मावशी मोबाइलला हात जोडून करते. "अगं एक वाक्य! एक वाक्य बोल त्याला, बाई. संपेल सगळं. सोळा एपिसोड लागतात होय एका वाक्याला?"

शेजारी पाटावर बबनकाका, म्हणजे तिचा नवरा, भाकरी खात असतात. काका महिन्याला एक वाक्य बोलतात, तेही आमटीत मीठ कमी असलं तर.

आता कामाचं सांगते. कॅम्प एकच्या मागे एका गाळ्यात मावशी धागाकटिंगला जाते. शिवून आलेल्या जीन्सचे लोंबते धागे छोट्या कात्रीने कापायचे, बास. जमिनीवर गोल करून सात-आठ बायका, मध्ये जीन्सचा हा एवढा ढीग, वर एक पंखा. हात आणि डोळे कामात अडकलेले, कान मात्र रिकामे. त्या रिकाम्या कानांत मावशी रोज एक एपिसोड ओतते. तिच्या शेजारी अकरा वर्षं एकच बाई बसायची, भावना. शिवमंदिराच्या मागे राहणारी. दोघी डबा एकत्र उघडायच्या, शिव्या एका सुरात द्यायच्या, आणि विहारातल्या कार्यक्रमाला साड्या ठरवून एका रंगाच्या नेसायच्या.

कोरियन नावांनी सुरुवातीला गोंधळ झाला. सगळेच किम. कोण कुणाला मारतंय तेच कळेना. मग बायकांनी ठराव केला, की नावं आपली द्यायची. हिरोइन झाली रुचिका. जो दुसरा पोरगा असतो, चांगला, प्रेमळ, छत्री धरणारा, ज्याला शेवटी काहीच मिळत नाही, तो साईनाथ. गाळा सगळा साईनाथच्या बाजूने.

आणि हीरोची आई. गळ्यात मोत्यांची माळ, चालताना मान अशी की डोक्यावर हंडा आहे. ती हिरोइनीला हॉटेलात बोलावते, पाकीट सरकवते, 'माझ्या मुलाचा नाद सोड' म्हणते आणि पेल्यातलं पाणी तिच्या तोंडावर फेकते. प्रत्येक सिरियलीत फेकते. तिकडे बहुतेक पाणी भरपूर येत असेल.

"ही आपली भावनाच की! चाल बघा हिची," सरूमावशी म्हणाली. सगळा गाळा हसला, आणि सगळ्यात जास्त भावना. आई भावना ठरली म्हटल्यावर हीरोला भावनाच्या पोराचं नाव मिळालं, हेमंत.

खरा हेमंत एमआयडीसीत मशीनवर असतो. स्वभावाने इतका साधा, की रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं तर हाच सॉरी म्हणतो.

भावनाला तर तो रोल असा काही चढला! मावशीने सांगायचं, "मग भावनाने रुचिकाला हॉटेलात बोलावलं," आणि भावनाने कात्री नाचवत म्हणायचं, "बोलावणारच! त्या भिकारड्या पोरीला माझ्या घरात घेऊ? फेकलं पाणी! उद्या परत फेकीन!" कामावर नजर ठेवणारा मास्तर ओरडायचा, "हात चालवा, हात!" आणि गाळ्याचे सिंधी शेठसुद्धा आत येता येता थांबायचे. "वडी सरूबाई, वो हेमंत को याद आया क्या कुछ? कैसा है अभी छोकरा?"

"कुठलं याद, शेठ! आईलाच ओळखत नाही."

"च् च् च्. अच्छा डॉक्टर दिखाओ."

नेमकी तेव्हा, अकराव्या एपिसोडला, गाळ्यात रखमा आली. बदलापूरजवळच्या चामटोलीची बाई, नवीन, म्हणून तिला मागे पॅकिंगच्या पेट्यांजवळ बसवलं. चार दिवस आली, येण्याजाण्याचा वैताग झाला म्हणून सोडून गेली. तिला नीट ओळखलंही नाही कुणी. पण तिने चार दिवस सगळं ऐकलं. आणि पहिले दहा एपिसोड तिने ऐकलेलेच नव्हते.

पुढच्या महिन्यात हेमंतसाठी एक स्थळ आलं. मुलगी सोनिया, चामटोलीची, बदलापूरला मेडिकलच्या दुकानात कामाला. बघायच्या दिवशी हेमंतने घाबरून चहा बशीत नाही, स्वतःच्या पँटवर ओतला, आणि सोनिया हसली. भावनाने गाळ्यात पेढे वाटले. साखरपुड्याची तारीख निघाली. भावना आणि मावशी दोघी साड्या घ्यायला जाऊन आल्या, रंग अर्थात एकच.

आणि चार दिवस आधी निरोप आला, नको.

का नको? मध्यस्थाने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. मुलाचं एका रुचिकाशी लफडं आहे. मुलाला ट्रकने उडवलंय, त्याला काही आठवत नाही, शेठसुद्धा डॉक्टर बघा म्हणतात. आणि मुलाची आई पोरींच्या तोंडावर पाणी फेकते. सोनियाच्या सख्ख्या मावशीने, रखमाने, हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तेही त्या आईच्याच तोंडून!

भावनाने सोनियाच्या बापाला, महिपतींना, फोन केला. "अहो दादा, ती सिरियल आहे!"

"पकडलं म्हनून आता सिरियलीवर ढकलता व्हय?" तिकडून उत्तर आलं, आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी भावना गाळ्यात आली ती सरळ मावशीसमोर उभी राहिली. "सरू, ऊठ. आत्ताच्या आत्ता चामटोलीला चल. तू सांग त्यांना."

आता इथे काय बोलायला हवं होतं? 'चल.' संपलं असतं. पण सात बायका बघत होत्या, मास्तर बघत होता, आणि मावशीच्या आत काहीतरी ताठ झालं. ती म्हणाली, "मी काय म्हणून? पाणी मी फेकत होते का? तूच हौसेने फेकत होतीस."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भावनाने हातातली कात्री ढिगावर ठेवली, डबा उचलला आणि गेली. आठवड्याने कळलं, तिने दुसरा गाळा धरला.

तीन महिने. मावशीने तीन महिने भावनाचं नाव काढलं नाही, आणि गाळ्यात एक एपिसोड सांगितला नाही. विचारलं तर म्हणायची, "आता चांगल्या बनवतच नाहीत." एकदा भाजीबाजारात दोघी समोरासमोर आल्या. रस्त्याच्या ह्या बाजूला मावशी, त्या बाजूला भावना. दोघींच्या हातात पिशव्या, दोघी थांबल्या. दोघींनी तोंड उघडलं. मधून एक टेम्पो गेला, त्याच्यामागे दुसरा, मग एक लग्नाचा बँड. सगळं पुढे सरकलं तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. सिरियलीत हे बघितलं असतं ना, तर मावशीने मोबाइल पिठात पुरला असता. "रस्ता ओलांड की गं भवाने!" म्हणाली असती. स्वतः मात्र कोथिंबीर घेऊन घरी आली.

घरी चाळिसावी सिरियल चालू होती. दोन मैत्रिणींची. एकीचा काहीतरी गैरसमज, आणि अकरा एपिसोड झाले तरी दोघी बोलत नव्हत्या. एक दुसरीच्या दारापर्यंत जायची, हात वर करायची, आणि दार न वाजवता परत फिरायची. वर पियानो. चौथ्यांदा परत फिरली तेव्हा मावशीने मेथीची जुडी मोबाइलवर आपटली.

"वाजव ना! दार आहे ते, वाघ नाही! लाज वाटते का? मग चुकताना नाही वाटली ती? अकरा एपिसोड, अकरा! माणसाने किती बघायचं?"

पाटावरून बबनकाकांचा आवाज आला. आमटीत मीठ बरोबर होतं, तरी आला.

"तुझा कितवा चालू आहे?"

एवढंच. आणि काका भाकरी खायला लागले.

मावशीने व्हिडिओ थांबवला. मैत्रीण दारासमोर हात वर करून तशीच उभी राहिली. मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत बसली, तीन बाजूंनी.

रविवारी सकाळी ती उठली, मोबाइल फुल्ल चार्ज केला, बदलापूरला उतरून रिक्षा केली आणि चामटोलीला महिपतींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जय भीम दादा. मी सरू. अंबरनाथवरून आलेय. भावनाबद्दल बोलायचंय."

महिपतींचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. "त्ये परकरन मिटलंय, बाय."

"मिटलंय ना, तेच उघडायला आलेय. ती रखमा इथेच राहते ना? बोलवा तिला. आणि एक पाट द्या, मोबाइल टेकवायला."

रखमा आली, शेजारच्या दोघी आल्या, कुणाची तरी सासू आली. मावशीने अकरावा एपिसोड लावला आणि सरळ हॉटेलच्या सीनवर नेला. मोत्यांची माळ. पाकीट. पेला. पाणी फेकलं आणि रखमा किंचाळली, "ह्येच! ह्येच त्ये पानी!"

"हो ना? बघ, नीट बघ. ही भावना आहे?"

रखमाने वाकून बघितलं. "न्हाय. ही लय गोरी हाय." मग परत बघितलं. "मंग ती भावना कामाला बसून का बोलत व्हती, मी फेकलं, उद्या परत फेकीन म्हनून?"

"हौस गं बाई. हौस. आणि नाव मी दिलं होतं. चूक माझी."

हे झालं पाच मिनिटांत. मावशीला वाटलं, सुटले. पण महिपती मोबाइलसमोरून उठेनात.

"ह्यो पोऱ्या बोलत का न्हाय?" ते म्हणाले. "आयसमोर हुबा ऱ्हाऊन नुसता गिळतोय. तोंडात सुपारी हाय का?"

"तेच, दादा!" मावशी तर गहिवरलीच. "तेच मी चार वर्षं विचारतेय!"

"पुढं लाव. ही बाय सुधारते का बगू. मंग ठरवू काय त्ये."

"अहो, पण ती भावना नाही!"

"त्ये समजलं. पन बगायला काय जातंय?"

असं करत बारावा झाला, तेरावा झाला. घरात भात करपला. साईनाथने छत्री धरली तेव्हा कुणाच्या तरी सासूने डोळे पुसले. ट्रकने हेमंतला उडवलं होतं तो सीन परत परत आठवणीत दाखवायला लागले, तेव्हा महिपती म्हणाले, "मेलाय तर मेला म्हना, वाचलाय तर वाचला म्हना. रोज का उडिवता त्याला?" चौदावा लावणार, एवढ्यात सोनिया ड्युटी करून घरात आली. दारातच थांबली, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाली, "हे काय, तुम्ही कधीपासून बघायला लागलात? मी दोनदा बघितलीये ही."

"मंग सांग, सुधारते का ही बाय?" महिपतींनी विचारलं.

"सुधारते ती," सोनिया चप्पल काढत म्हणाली. "पंधराव्याला रडते, सोळाव्याला सुनेला कोबीच्या लोणच्याचा डबा भरून देते. पण आज ही का लावलीये?"

मग तिला सगळं सांगितलं. म्हणजे मावशीने सांगितलं, बाकीचे जमिनीकडे बघत होते. सोनियाने ऐकलं आणि ती बापाकडे वळली. "बाबा, मला तर तुम्ही म्हणालात मुलाची नोकरी कच्ची आहे."

"तुला वायीट वाटू नये म्हनून."

"ट्रक, विसरलेला मुलगा, पाण्याचा पेला. एवढं एक वाक्य मला सांगितलं असतंत ना, तर तिथल्या तिथे सिरियलचं नाव सांगितलं असतं मी. लग्न माझं, आणि मला सोडून अख्ख्या गावाला कारण माहीत!"

महिपतींनी मान खाजवली. रखमाला एकदम घरी काम आठवलं.

"मला त्याला परत भेटायचंय," सोनिया म्हणाली. "एकदा. तुम्ही कुणी यायचं नाही, मी भेटणार. मग काय ते सांगेन."

"बरं," महिपती म्हणाले.

पण हा पंधरावा झाला. सोळावा शिवमंदिराच्या मागे, भावनाच्या घरी होता.

मावशी चामटोलीवरून घरी न जाता थेट तिकडे गेली. रिक्षात वाक्य पाठ केलं. दोनच शब्दांचं होतं, तरी वळणावर विसरत होती. दारासमोर उभी राहिली, हात वर केला, आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात तसाच वर थांबलाय. पियानो तेवढा नव्हता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसऱ्या शिट्टीला तिने कडी वाजवली.

भावनाने दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. साध्या स्पीडला. मेथी असती तर दोन जुड्या निवडून झाल्या असत्या. भावना आत गेली आणि परत आली ती हातात पाण्याचा पेला घेऊन. आता दारात माणूस आलं की पाणी आणतातच, शत्रू असला तरी. पण मावशीने पेला बघितला आणि पटकन पदर तोंडावर धरला.

भावनाने पेल्याकडे बघितलं. मग मावशीकडे.

"पदर काढ."

"नको गं."

"काढ म्हणते ना!"

मावशीने पदर काढला. आणि भावनाने फेकलं. पेला भरून, तोंडावर, खरंखुरं, थंडगार. समोरच्या खिडकीतून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

"आता जा चामटोलीला," भावना म्हणाली, "आणि सांग, भावनाने फेकलं म्हणून. आता खोटं नाही ते."

"तिथूनच आलेय," मावशी म्हणाली. नाकावरून पाणी ठिबकत होतं, डोळ्यांतलं त्यातच मिसळत होतं. "सगळं दाखवून आलेय. सोनिया हेमंतला भेटायचं म्हणतेय." आणि मग एकदाचं बाहेर पडलं, "चुकलं माझं."

भावनाने रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "एवढंच होतं?"

"एवढंच."

"ह्याला तीन महिने?"

मावशीने मान हलवली. भावनाने दोरीवरचा टॉवेल ओढून तिच्या अंगावर टाकला, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिकडूनच, पाठ करून बोलली, "तिकडच्या गाळ्यात कुणी काही सांगत नाही. दिवसभर नुसता पंखा ऐकते मी." साखरेचा डबा वाजला. "नवीन काय बघतेस?"

"दोन मैत्रिणींची आहे," मावशी टॉवेलात तोंड पुसत म्हणाली. "बोलत नाहीत एकमेकींशी. एकदम रटाळ."

बास. हे लिहिताना मी परत रडले, जाऊ दे. आता तुम्ही एक करा. हे वाचताना तुमच्या डोक्यात एक नाव आलंय, मला माहितीये, आलंच असणार. मोबाइल ठेवा आणि त्या माणसाला भेटून या. ह्या रविवारी. मेसेज नको, दार वाजवा. आणि समोरून पाण्याचा पेला आलाच, तर पदर बाजूला करा.